परदेशात गेल्यावर तिथलं काय खावं? बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांबऱ्याहून बेंगळुरू किंवा मुंबई गाठायची, नाहीतर चोर्ला घाटातून मोप्याला उतरायचं आणि पुढं बँकॉक, कोलंबो, दुबई. सीमाभागातून परदेशी जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि बॅगेत मात्र अजून ठेपले, चुरमुरे आणि शेंगदाण्याची चटणीच भरलेली असते. ती असू द्या, अडचणीला उपयोगी पडते. पण ज्वारी, हरभरा, मिरची, गूळ आणि दही ओळखणाऱ्या माणसाला जगात खाण्यासारखं भरपूर आहे. कुठं काय मागायचं, त्यात न दिसणारं काय असतं आणि कुठं फसायला होतं, ते इथं दिलं आहे.

आमची जीभ भाकरी-आमटीची. सुरुवात कोणत्या देशापासून करावी?

पहिलाच प्रवास असेल आणि घरातली वयस्कर माणसं बरोबर असतील तर श्रीलंका. तांदूळ, नारळ, मिरची, कढीपत्ता सगळं ओळखीचं. शाकाहारी घरासाठी इथिओपिया आणि जॉर्जिया हे दोन देश फार सोयीचे आहेत, आणि आपल्याकडं नेमकं त्यांचंच नाव कुणी घेत नाही. दोन्हीकडं ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन उपवासांची परंपरा आहे. उपवासाच्या काळात मांस, अंडी आणि दूधही वर्ज्य असल्यानं डाळी, कडधान्यं आणि पालेभाज्यांचा स्वयंपाक तिथं खूप पुढं गेलेला आहे. थायलंड, व्हिएतनाम चवीला उत्तम आहेत, पण तिथं विचारून खावं लागतं.

इथिओपियात काय खायचं? तिथली पोळी आंबट असते म्हणे.

इंजेरा आंबट असतेच, आंबीलीसारखी. मूळ धान्य टेफ, राजगिऱ्याएवढ्या बारीक दाण्याचं. काही भागांत आणि टेफ महाग पडतं तिथं ज्वारीचं पीठही घालतात किंवा निव्वळ ज्वारीचीच करतात. ज्वारी मुळात आफ्रिकेतलंच धान्य आहे. आपण त्याची भाकरी थापली, त्यांनी ते आंबवून ओतलं.

पीठ पाण्यात कालवून त्यात आधीच्या आंबवणाचं वर साचलेलं पिवळसर पाणी, म्हणजे एर्शो, घालतात आणि दोन-तीन दिवस ठेवतात. मग त्यातलंच थोडं पीठ पाण्यात शिजवून परत मिसळतात. याला अब्सित म्हणतात. ते चुकलं की पोळी सपाट आणि चिवट होते, वर जाळी पडत नाही. मोठ्या गोल तव्यावर, म्हणजे मिताडवर, बाहेरून आत गोल फिरवत पीठ ओतायचं, झाकण ठेवायचं, उलटायचं नाही. चांगल्या इंजेऱ्याची वरची बाजू बारीक छिद्रांनी भरलेली असते आणि खालची गुळगुळीत. छिद्रं नसतील किंवा कडा वाळून मोडत असतील तर ती सकाळची आहे किंवा आंबवण नीट जमलेलं नाही.

मागायचं काय? "येत्सोम बेयाइनेतू", म्हणजे उपवासाचं मिश्र ताट. एका इंजेऱ्यावर चार-सहा प्रकार वाढून येतात: मिसिर वट ही तिखट मसूर, किक अलिचा ही हळद घातलेली सौम्य वाटाण्याची डाळ, गोमेन ही पालेभाजी, कोबी-बटाटा, बीट. बुधवारी आणि शुक्रवारी, आणि ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपवासात, हे ताट जवळजवळ प्रत्येक हॉटेलात मिळतं. इतर दिवशी विचारावं लागतं. उपवासात मासे चालतात असं मानणारेही काही आहेत, म्हणून "आसा नको" एवढं सांगून ठेवा. आसा म्हणजे मासा.

आपल्या माणसानं चुकवू नये असा पदार्थ शिरो. भाजलेल्या हरभऱ्याचं किंवा बाकल्याच्या दाण्याचं मसालेदार पीठ, कांदा-लसणाच्या फोडणीत पाणी घालून शिजवलेलं. हे आपलं पिठलंच, फक्त मसाला बेरबेरेचा: मिरची, आलं, लसूण, मेथी, ओवा आणि तिथली मोठी वेलची. कांदा आधी तेलाशिवाय कोरडा परततात, त्यामुळं रस्सा दाट होतो आणि गोडसर लागतो. मातीच्या भांड्यात खदखदत येणाऱ्या घट्ट प्रकाराला तेगाबिनो म्हणतात. "बोझेना शिरो" मात्र मागू नका, त्यात गोमांस असतं. साधा शिरो उपवासाच्या दिवशी तेलात करतात, एरवी निटर किब्बे या मसालेदार लोणकढ्या तुपात.

ताट मध्ये एकच असतं आणि सगळे उजव्या हातानं खातात. यजमान स्वतःच्या हातानं तुमच्या तोंडात घास भरवायला पुढं आला तर तो मानाचा घास असतो, नको म्हणू नये. इथिओपियाला जाणं होणार नसेल तर आफ्रिकेच्या वाटेवर अदिस अबाबाला विमान बदलताना खा, किंवा दुबईत इथिओपियन हॉटेलं शोधा.

जॉर्जियाचं नाव अलीकडं फार ऐकू येतं. तिथं चीज सोडून काय?

खाचापुरी, म्हणजे चीजची रोटी, तर खाच. इमेरेती भागातली, म्हणजे इमेरुली, गोल, आत चीज भरलेली. अजारा भागातली होडीच्या आकाराची, वर कच्चं अंडं आणि लोणी, गरम असतानाच ढवळून कड मोडून बुडवायची. अंडं नको असेल तर इमेरुलीच सांगा.

पण खरी चव लोबिओ आणि म्चादीत आहे. लोबिओ म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेला राजमा, लसूण, कोथिंबीर, व्हिनेगर आणि कधी अक्रोड घालून. म्चादी म्हणजे मक्याच्या पिठाची जाड छोटी भाकरी: पीठ, पाणी, मीठ, बस. बरोबर लोणच्याच्या भाज्या आणि कच्चा कांदा येतो. बेळगावच्या माणसाला हे ताट समजावून सांगावं लागत नाही. "लोबिओ लोरीत" असं लिहिलेलं असेल तर त्यात डुकराचं मांस आहे. राजमा भरलेली रोटी म्हणजे लोबियानी. तिच्या राचा भागातल्या प्रकारातही डुकराचं मांस असतं.

फ्खाली हे पालक किंवा बीटच्या पाल्याचे गोळे, त्यात अक्रोडाचं वाटण, वर डाळिंबाचे दाणे. बद्रिजानी म्हणजे तळलेल्या वांग्याच्या पातळ कापांत तेच अक्रोडाचं वाटण गुंडाळलेलं. दोन्ही थंडच वाढतात. गार आलं म्हणून परत पाठवू नका.

खिंकाली हे मोदकासारखे चुण्या घातलेले, आत मांस आणि रस असलेले. शेंडीला धरून उलटा करायचा, बाजूला छोटा चावा घ्यायचा, रस ओढून घ्यायचा, मग खायचा. काट्यानं टोचला की रस ताटात सांडतो आणि चव गेली. शेंडी ताटात ठेवून देतात, किती खाल्ले ते त्यावरून मोजतात. मांसाच्या खिंकालीत बहुधा गाय आणि डुक्कर मिसळलेलं असतं, म्हणून बटाटा, मशरूम किंवा चीजचा मागा. उपवासाचं, म्हणजे दूध-अंडंही नसलेलं हवं असेल तर "समार्खवो" हा शब्द लक्षात ठेवा.

श्रीलंकेत सगळं आपल्यासारखंच असेल ना?

दिसायला आपल्यासारखं, पण एक वस्तू सांभाळा: उंबलकड. हा वाळवून दगडासारखा टणक केलेला टूना मासा, कुटून भाज्यांत, सांबोलात म्हणजे चटणीत, नारळाच्या रस्स्यात घालतात. पोल सांबोल म्हणजे ओलं खोबरं, लाल मिरची, छोटा कांदा, लिंबू आणि मीठ, पाट्यावर वाटलेलं. त्यातही बहुतेक ठिकाणी उंबलकड असतो. गोडसर कांद्याच्या सीनी सांबोलातही. सुकटीची सवय असलेल्यांना आवडेल. शाकाहाऱ्यांनी "उंबलकड नॅतुव", म्हणजे त्याशिवाय, असं सांगावं.

निर्धास्त खावं असं: इंदि आप्प, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवया, आपल्या शिरवाळ्यांच्या घरच्याच, आप्प, म्हणजे नारळाच्या दुधात आंबवलेल्या पिठाची कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ वाटी, पोलोस, म्हणजे कोवळ्या फणसाची तासन्‌तास शिजवलेली भाजी, आणि किरिबत, नारळाच्या दुधातला भात, वड्या पाडलेला. किरिबत लुनुमिरिस या तिखट चटणीबरोबर देतात, तिच्यात आणि पोलोसमध्ये मात्र पुन्हा उंबलकड विचारा.

शेवटी मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर कितुलची काकवी. कितुल म्हणजे पश्चिम घाटात वाढणारा भेरली माडच. त्याच्या रसापासून आटवलेली काकवी आपल्या उसाच्या काकवीपेक्षा पातळ आणि किंचित धुरकट असते. स्वस्त ठिकाणी साखरेचा पाक मिसळतात. खरी हवी असेल तर दह्याच्या मडक्यांच्या रस्त्यावरच्या दुकानांत घ्या आणि आधी चाखून बघा.

थायलंडमध्ये "व्हेज" सांगितलं तरी माशाचा वास येतो. का?

कारण तिथं माशाचा सॉस, म्हणजे नाम प्ला, मिठाच्या जागी वापरतात. मांसाचे तुकडे नसले की त्यांच्या हिशेबानं ते व्हेज. शिवाय करीच्या वाटणात कपी, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट, वाटतानाच गेलेली असते. ती काढता येत नाही, म्हणून लाल-हिरवी करी "फक्त भाज्यांची" सांगून उपयोग नाही.

उपाय एकच शब्द: 'जे'. पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं दिसतं. तिथं मांस, मासे, अंडी, दूध, शिवाय कांदा-लसूणही नसतं. "किन जे" म्हणजे मी 'जे' जेवण खातो. "मांगसाविरात" म्हटलं तर शाकाहारी हे कळतं, पण त्यात अंडं चालतं. साधारण ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवसांचा जे उत्सव असतो. फुकेटमध्ये तो मोठा, आणि त्या काळात बँकॉकमध्येही गल्लोगल्ली असे गाडे लागतात.

समोर कांडून देतात ते पदार्थ बदलून मिळतात. सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, मागताना सांगा: "माय साय नाम प्ला, माय साय कुंग हेंग", माशाचा सॉस नको, सुकी कोळंबी नको. त्याऐवजी सोया सॉस घालतात. पण आधी माशाचा सॉस आणि कोळंबी घालून कांडलेला खल तोच असतो. कडक पाळणाऱ्यांनी जे गाड्यावरच जावं.

गोडात अंडं तेवढं विचारून घ्या, बाकी खाऊ नये म्हणण्यासारखं काही नाही. नारळाच्या दुधातल्या चिकट भाताबरोबर आंबा, एप्रिल-मेमध्ये उत्तम. आणि खनोम क्रोक, त्याची कृती शेवटी दिली आहे.

तिथल्या हॉटेलात दाखवायच्या चिठ्ठीवर नेमकं काय लिहून न्यावं?

"मी शाकाहारी आहे" एवढं पुरत नाही, कारण त्याचा अर्थ देशोदेशी वेगळा. वस्तूंची नावं लिहा: "मांस, कोंबडी, मासे, कोळंबी, अंडी नको. माशाचा सॉस, कोळंबीची पेस्ट, हाडांचं किंवा माशाचं पाणी, डुकराची चरबी नको. दूध, दही, लोणी, भाज्या, डाळी, भात चालतो." हे त्या देशाच्या लिपीत भाषांतर करून जाड अक्षरांत छापा. भाषांतर तिथल्या हॉटेलच्या काउंटरवर एकदा वाचून घ्या. शेंगदाण्याची किंवा कोळंबीची अॅलर्जी असेल तर ती सगळ्यात वर, वेगळ्या ओळीत. आग्नेय आशियात शेंगदाणे कुटून कशावरही भुरभुरतात.

आम्ही जैन. आमचं काय?

थायलंडचं जे, व्हिएतनामचं चाय आणि जपानच्या देवळातलं शोजिन र्‍योरी या तिन्हीत मांस-मासे नसतात. जे आणि शोजिनमध्ये कांदा-लसूणही वर्ज्य, व्हिएतनामच्या चायमध्ये बहुधा तसंच. पण तिन्हीत बटाटा, गाजर, मुळा, आलं चालतं, म्हणून कंदमुळांची यादी वेगळी लिहावी लागते. मशरूम तर जवळजवळ प्रत्येक ताटात असतं, तेही लिहा. सूर्यास्ताआधी जेवण हवं असेल तर जपानमधल्या कोया पर्वतावरच्या मंदिर-निवासात संध्याकाळचं जेवण साधारण साडेपाच-सहाला वाढतात. हिवाळ्यात मात्र तिथं त्याआधीच सूर्य मावळतो, तेव्हा आधी कळवा.

व्हिएतनाममध्ये?

"क्वान चाय" अशी पाटी शोधा. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, बरेच बौद्ध लोक चाय खातात आणि त्या दिवशी नेहमीच्या खानावळींतही ते मिळतं. प्रवासाच्या तारखा कॅलेंडरवर ताडून बघा.

बान्ह सेओ हे तांदळाच्या पिठाचं, हळद घातलेलं, मोठं कुरकुरीत धिरडं. एरवी त्यात डुक्कर आणि कोळंबी, चाय प्रकारात मूग, मोड आलेलं कडधान्य आणि मशरूम. तुकडा तोडून तो पालेभाजीच्या पानात आणि पुदिना-तुळशीसारख्या पाल्यात गुंडाळून सॉसमध्ये बुडवतात. नुसतं खाल्लं तर तेलकट लागतं. तो पाला शोभेला ठेवलेला नसतो.

मटण-चिकन खातो, पण गाय आणि डुक्कर नको. मेनूवर कसं ओळखायचं?

थायलंड: गाय "नुआ", डुक्कर "मू", कोंबडी "गाय". हा शेवटचा शब्द ऐकून दचकू नका. व्हिएतनाम: गाय "बो", डुक्कर दक्षिणेत "हेओ" आणि उत्तरेत "लोन", कोंबडी "गा". म्हणून फो या शेवयांच्या सूपमध्ये फो बो नको, फो गा चालेल. मलेशिया: गाय "लेंबू", डुक्कर "बाबी", कोंबडी "आयाम", बकरा "कांबिंग". इंडोनेशियात गाय "सापी". तुर्की: गाय "दाना" किंवा "सिर", मेंढी "कुझू", कोंबडी "तावुक". जपान: गाय "ग्यू", डुक्कर "बुता", कोंबडी "तोरी".

हलाल पाटी म्हणजे डुक्कर नाही एवढी खात्री. गोमांस असू शकतं. आणि वरचे तुकडे कोंबडीचे असले तरी खालचं पाणी कशाचं आहे ते वेगळं विचारायचं. रामेन या जपानी शेवयांच्या सूपमध्ये ते बरेचदा डुकराच्या हाडांचं असतं.

आम्ही तिखट खाणारे. तिथलं तिखट काय लागणार?

लागतं. आपल्या रश्शाचा लाल रंग बहुतेक ब्याडगीचा, आणि ब्याडगी रंगाला भारी, तिखटाला मवाळ. संकेश्वरी खाणारा माणूसही मिरची वाळवलेली, तेलात परतलेली, खोबऱ्या-तिळात मुरलेली खातो. थाई फ्रिक खी नू ही बोटाच्या पेराएवढी मिरची कच्चीच कांडतात, तेल-खोबऱ्याचा आधार नाही, वर आंबट. म्हणून ती घशात वेगळी झोंबते. पहिल्या दिवशी "फेत नित नॉय", थोडंच तिखट, असं सांगा आणि मग वाढवत जा. पाण्यानं आग जात नाही, मिरचीतलं तिखट पाण्यात विरघळत नाही. चिकट भाताचा घास किंवा दूध-दही घ्या.

सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छताखालच्या खाण्याच्या गाड्यांच्या बाजारात, गोंधळायला होतं.

आधी जागा धरा, टेबलावर रुमाल किंवा टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा राखीव मानतात. मग गाड्यांवरून मागवा. जेवल्यावर ट्रे स्वतः परत ठेवायचा, 2021पासून ते सक्तीचं आहे आणि दंड होऊ शकतो. ही संस्कृती 2020 साली युनेस्कोच्या यादीत गेली आहे, त्यामुळं तिथं जेवणं हेच स्थळदर्शन.

नासी लेमाक हा नारळाच्या दुधातला भात उत्तम, पण वरचा सांबल कोळंबीच्या पेस्टचा आणि बाजूला तळलेले छोटे मासे. रोटी प्राटाबरोबर डाळ मागा, न सांगता मटणाचा किंवा माशाचा रस्सा येतो. पुटु मायम म्हणजे शेवया, ओलं खोबरं आणि साखर किंवा ताडगूळ. कॉफी मागताना "कोपी" म्हटलं की आटवलेलं गोड दूध येतं. "कोपी-ओ" म्हणजे दुधाविना साखरेची, "कोसोंग" जोडलं की साखरही नाही. मधुमेह असणाऱ्यांनी हा शेवटचा शब्द पाठ करावा.

दुरियान खावं का?

एकदा जरूर, पण जागेवरच, हातमोजे घालून. हॉटेलच्या खोलीत, सिंगापूरच्या मेट्रोत आणि विमानात नेऊ देत नाहीत.

दुबई-मस्कतला भावाकडं जातोय. अरबी म्हणजे शावर्मा एवढंच का?

शावर्मा तिथं बाहेरून आला. तिथलं मूळचं म्हणजे बलालीत: वेलची-केशर घातलेल्या गोड शेवया आणि वर ऑम्लेट. विचित्र वाटतं, पण नाश्त्याला गोड-खारट एकत्र खाल्लं की जमतं. अंडं वेगळं ठेवायला सांगता येतं. लुगैमात म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, खजुराच्या काकवीत. लगेच खायचे, दहा मिनिटांत मऊ पडतात. रगाग ही कागदासारखी पातळ रोटी. हरीस म्हणजे रात्रभर भिजवलेला गहू आणि मांस घोटून शिजवलेली खीर, त्यात शाकाहारी प्रकार नसतो. मचबूस भातात वाळवलेलं काळं लिंबू असतं, ते चावू नका, कडू लागतं.

तुर्कस्तानात सूप मागवलं तर?

मर्जिमेक चोरबासी, मसुराचं सूप, लिंबू पिळून. पण बरेच ठिकाणी हाडांच्या पाण्यात करतात. "एत सुयू वार मी?", मांसाचं पाणी आहे का, असं विचारा. "झेतिनयाली" लिहिलेल्या भाज्या ऑलिव्ह तेलातल्या, थंड वाढलेल्या आणि बहुधा शाकाहारी. द्राक्षाच्या पानातली सारमा याच नावाखाली मागवली तर आत भात असतो, "एतली" म्हटली की मांस. आयरान हे ताकच, फक्त जिरं-कोथिंबीर नसलेलं.

जपान आणि इटली शाकाहाऱ्यांना कसे?

जपान अवघड. दाशी हे तिथल्या स्वयंपाकाचं मूळ पाणी, साधारणपणे वाळवलेल्या बोनिटो माशाचं. मिसो सूप, सोबा शेवया बुडवायचा रस, शिजवलेल्या भाज्या, सगळ्यात ते असतं. "कोंबू दाशी", म्हणजे समुद्री शेवाळाचं, असं ठरवून करणाऱ्या शोजिनच्या ठिकाणी जा.

इटली सोपी. पास्ता-पिझ्झा सगळे खातात, म्हणून वेगळं सांगतो: जेनोआत फरिनाता आणि पालेर्मोत पानेल्ले. दोन्ही हरभऱ्याच्या पिठाचे. फरिनात्यात एक भाग पिठाला तीन भाग पाणी, किमान चार तास मुरवून वरचा फेस काढून टाकतात, ऑलिव्ह तेल घालून कल्हईच्या तांब्याच्या मोठ्या परातीत प्रखर भट्टीत भाजतात. मुरवलं नाही तर पिठूळ, कच्चट लागतं. दुकानात गेल्यावर परात नुकतीच निघाली असेल तरच घ्या. पार्मेजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा घटक, असतं, हे कडक शाकाहाऱ्यांना माहीत असावं. नेपल्सच्या पिझ्झा मारिनारात चीजच नसतं: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल.

टूर कंपनी रोज रात्री भारतीय जेवण देते. मग तिथलं कधी खायचं?

सकाळी. बहुतेक देशांत स्थानिक नाश्ता हा सर्वात ताजा, स्वस्त आणि हॉटेलपासून दोन गल्ल्यांवर असतो. मॅनेजरला आदल्या रात्रीच सांगा की उद्याचा नाश्ता बाहेर. दुपारची "फ्री टाइम" वेळ खरेदीऐवजी बाजाराला द्या. रात्रीचं पनीर बटर मसाला सोडायला लाजू नका, ते इथंही मिळतं.

पोट बिघडू नये म्हणून?

रस्त्यावरचं खाणं वाईट नाही, थांबलेलं खाणं वाईट. समोर कढईत तयार होणारा, वाफ येणारा पदार्थ घ्या. झाकून कोमट ठेवलेला भात टाळा, शिजलेल्या भातात तास-दोन तासांनी जंतू वाढतात आणि परत गरम केला तरी त्यांचं विष जात नाही. बर्फ मध्ये भोक असलेल्या नळकांड्यांचा असेल तर तो कारखान्यातला, फोडलेला लादीचा असेल तर नको. कापून ठेवलेल्या फळांपेक्षा सोलायची फळं.

पहिल्या दोन दिवसांत नवीन पदार्थ दिवसाला एक-दोनच. बिघडलंच तर ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात घाला. दाट करून उपयोग नाही, उलट त्रास वाढतो. जुलाबात रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणं यांपैकी काही दिसलं तर थेट डॉक्टर.

गावाकडून भेट म्हणून काय न्यावं, काय नको?

इथं फार जण अडकतात. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखस बंदी घातलेल्या वस्तूंत आहे. दुबईला नेताना मांड्यांतलं सारण, कांदा-लसूण मसाला, काही ठिकाणचं कर्दंट, या सगळ्यांत खसखस असू शकते. चिमूटभर आहे म्हणून चालत नाही. मसाला न्यायचाच असेल तर घरी खसखस न घालता वेगळा करा.

कुंदा दुधाचा, आणि युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलियात सगळं खाणं फॉर्मवर जाहीर करावं लागतं. लपवलं तर दंड, जाहीर केलं तर फार तर काढून घेतात. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या तेलामुळं ज्वलनशील मानतात, विमान कंपन्या नाकारतात. लोणचं आणि तूप हातातल्या बॅगेत नको. चुरमुरे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गुळाची ढेप असं कोरडं, सीलबंद, नाव लिहिलेलं सामान घ्या, आणि जाण्याआधी त्या देशाच्या कस्टम्सच्या यादीत बघा.

आल्यावर घरी काय करून बघता येईल?

खनोम क्रोक, कारण आप्पेपात्र घरात आहेच.

खालचं पीठ: एक वाटी तांदळाचं पीठ, दोन चमचे शिजलेला भात वाटून, दीड वाटी पातळ नारळाचं दूध, चिमूटभर मीठ. तासभर झाकून ठेवा. वरचं मिश्रण: एक वाटी दाट नारळाचं दूध, पाव वाटी साखर, एक चमचा तांदळाचं पीठ, अर्धा छोटा चमचा मीठ. हे मीठ कमी करू नका, गोडाखालचा खारटपणा हीच त्याची चव.

बिडाचं आप्पेपात्र मध्यम आचेवर चांगलं तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर लगेच उडाला पाहिजे. थंड पात्रात ओतलं की चिकटतंच. प्रत्येक खळग्यात तेल लावून खालचं पीठ दोन-तृतीयांश भरा. मिनिटभरात कड बसली की मध्ये चमचाभर वरचं मिश्रण घाला, त्यावर कांद्याची पात किंवा मक्याचे दाणे. झाकण ठेवून तीन-चार मिनिटं. उलटायचं नाही, वरचा भाग सायीसारखा थरथरता राहिला पाहिजे. खालून करपून वर पातळच राहिलं तर आच जास्त होती. पूर्ण घट्ट झालं तर झाकण उशिरा काढलं. चमच्यानं कडेनं सोडवून दोन-दोन अर्धे एकमेकांवर ठेवा आणि गरमच खा. गार झाले की कुरकुरीत कड मऊ पडते आणि परत तापवून ती येत नाही.